मालकांना विचारून कळव

ग्रीसवूड नाला, मोंटाना
२ एप्रिल १९८५

चि. हाल्वर यास,
अनेक आशीर्वाद, आणि बुटांचा चिखल पुसून मग पत्र उघड.

तुझं पत्र कुठून आलं ते तिकिटावरचा शिक्का पुसल्यामुळे कळलं नाही, आणि तूही लिहिलेलं नाहीस. लोकर कातरणाऱ्या टोळीबरोबर फिरतोयस एवढं कळलं. तुझ्या बापाला वाटायचं तू शाळामास्तर होशील. असो, मेंढ्या तरी ऐकतात.

इकडे मेंढ्या व्यायला लागल्या आहेत आणि कोल्हे यायला. नाल्यापलीकडून येतात, कोकरू उचलतात आणि मी दारात येईपर्यंत टेकाडावरून मागे वळून माझ्याकडे बघतात. तो निर्लज्जपणा जास्त झोंबतो. तुझी लॉरिनताई बिलिंग्जहून दर रविवारी फोन करते. आम्हा मायलेकींचा करार झाला आहे: या हंगामात मी कळप राखून दाखवला तर गोष्ट वेगळी, नाहीतर शरदात मेंढ्या विकायच्या आणि तिच्या घरामागच्या खोलीत राहायला जायचं. खोली छान आहे. खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसते.

तर काम असं. तुझ्या एल्मर आतोबांच्या बंदुकीची खालची कडी अडकते. एक गोळी झाडली की दुसरीसाठी कडी ओढेपर्यंत कोल्हा दुसऱ्या तालुक्यात. गावातल्या हार्डवेअरवाल्याकडे एक रँच रायफल आली आहे. अक्रोडी लाकडाचा दस्ता, ठेंगणी, हलकी. आतोबा सैन्यात वापरायचे त्या बंदुकीची धाकटी बहीण शोभावी अशी. पहिली गोळी आपण भरायची, पुढच्या ती आपली आपण भरून घेते. दुकानदार म्हणतो, हिच्यासारखी वस्तू नाही. पण आपल्या ताकाला कोण आंबट म्हणेल? तू दहा रँचवर जातोस. ज्यांच्याकडे ती आहे त्यांना विचार. विकणाऱ्यांना नको, बाळगणाऱ्यांना. आणि ते काय म्हणतात ते जसंच्या तसं कळव, तुझं तिखटमीठ न लावता.

तुझी,
सिग्ने आत्या

ता. क. यंदा ईस्टरला लेफ्से, त्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटणार नाही. बटाटे चांगले निघाले नाहीत.


मुक्काम क्रुग यांची रँच, मायल्स सिटीच्या अलीकडे
१७ एप्रिल

ती. सिग्ने आत्यास,
टो. का. न. वि. वि. (टोपी काढून नमस्कार, विनंती विशेष. तुझ्यासमोर टोपी घालून बोललो की काय व्हायचं ते कान अजून विसरलेला नाही.)

तुझं पत्र मला तीन ठिकाणी शोधून शेवटी इथे सापडलं. मी ठीक आहे. पाठ मोडली आहे, पण ती सगळ्यांचीच मोडली आहे, त्यामुळे कोणी बोलत नाही. काल मी एका एडक्याला पायांमध्ये धरलं होतं, तर त्यानेच मला उलटं धरलं. म्हणजे मी खाली आणि तो वर. टोळीचा मुकादम लुथर म्हणाला, आता तुझीच लोकर काढून टाकू का, तशी वाढलीच आहे.

हं, रायफल. इथले मालक वेंडेल क्रुग यांच्याकडे ती आहे. पिकअपच्या मागच्या काचेला टांगलेली असते, तिच्यावर एक हातमोजा, एक दोर आणि कधीची तरी टोपी. मी विचारलं तर म्हणाले की बंदूक चांगली आहे, धूळ, बर्फ, कोंबडीची विष्ठा, कशालाच नाही म्हणत नाही. पहिल्या दोन गोळ्या जिथे सांगशील तिथे जातात. तिसरीपासून नळी तापते आणि मग ती आमच्या मेव्हण्यासारखी होते, निघते जोरात, पोचते भलतीकडेच. मेव्हणा तिथेच बसला होता. तो म्हणाला की निदान मी निघतो तरी, काही लोक चुलीपासून हलत नाहीत. दुसरी तक्रार क्रुगबाईंची. ही बंदूक रिकाम्या पुंगळ्या इतक्या लांब फेकते की मागे एकदा एक तापलेली पुंगळी थेट त्यांच्या कॉफीत पडली. त्या ओसरीत बसल्या होत्या. कॉफी गरम राहिली एवढाच फायदा, असं म्हणाल्या.

हे लिहिता लिहिता आठवलं, परवा इथे एक प्रसंग झाला. जेवायला बसणार इतक्यात शेजारचा एक मालक आला. टोपी हातात, आणि टोपीत कुत्र्याचा पट्टा. क्रुगनी उठून कॉफी ओतली, तो बसला, प्यायला, आणि मग पट्टा टेबलावर ठेवून म्हणाला की तुमचा तपकिरी माझ्या कोकरांत होता. बस्स. कोणी आवाज चढवला नाही. तो गेल्यावर क्रुग म्हणाले, स्वतः आला, ऊन उतरायच्या आत आला, आता काय बोलायचं. लुथर म्हणतो इकडे हेच आहे: ज्याने दुसऱ्याचं कुत्रं मारलं त्याने पट्टा घेऊन स्वतः जायचं, आधी कॉफी, मग पट्टा. जो येत नाही त्याच्याशी मग नातवंडंसुद्धा बोलत नाहीत. आपल्याकडे मी कधी पाहिलं नव्हतं. कदाचित आतोबांना कधी कोणाचा पट्टा न्यावा लागला नसेल.

एक शंका. कडी अडकते म्हणतेस. मागच्या शरदात ती मीच उघडून पुसली होती, तेल दिलं होतं. लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरत होती. एवढ्यात काय झालं तिला?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा,
हाल्वर


ग्रीसवूड नाला
२८ एप्रिल

चि. हाल्वर यास,
अनेक आशीर्वाद, आणि आधी हात धुऊन ये, मेंढीचा वास इथपर्यंत आला.

पत्र पोचलं. बंदुकीपेक्षा एडक्याचीच हकीकत जास्त, पण मालकांची मतं उपयोगी पडली. तिसरी गोळी भलतीकडे जाते म्हणतोस, तर दोनांत जमलं नाही तर माझंही नशीब तिकडेच जाईल. पुंगळीची काळजी नाही, माझ्या ओसरीत कॉफी प्यायला कोणी येत नाही.

आता आणखी एक विचार. पहिली गोळी भरायला बाजूचा खटका मागे ओढावा लागतो, त्याला जोर किती लागतो? दुकानात मी विचारलं नाही. म्हाताऱ्या बाईने असलं विचारलं की दुकानदार स्वरच बदलतात. कडीचं तू विचारलंस. लोखंड आहे, थंडीत आक्रसत असेल.

कोकरं बरीच गेली. कालचं तर माझ्या डोळ्यांदेखत. शेपट्या छाटायच्या आहेत, त्याला पलीकडच्या एस्किल ब्रॉटनची सून मदतीला येते म्हणाली. हो, तेच ब्रॉटन. पाटाच्या पाण्यावरून आतोबांशी भांडण झाल्यापासून एस्किल कुंपणापाशी आला तरी आकाशाकडे बघतो. आतोबांना पोचवायला आला होता, टोपी काढून मागे उभा राहिला आणि न जेवता गेला. सून बरी आहे. घरात मीठ मागायला आल्यासारखी येते आणि काम करून जाते. म्हणत होती, एस्किलने एक मोठं पांढरं कुत्रं आणलं आहे, मेंढ्या राखणारं. एवढे पैसे घालून आणलं आणि ते रोज संध्याकाळी कुठे नाहीसं होतं कळत नाही. मी म्हटलं, त्याच्याशी बोलायला लागू नये म्हणून जात असेल.

हार्डवेअरवाला म्हणतो शनिवारपर्यंत थांबतो, पुढे दुसरं गिऱ्हाईक आहे. दुसरं गिऱ्हाईक नेहमीच असतं.

ओढ असू दे, पत्र वेळेवर असू दे.
सिग्ने आत्या


मुक्काम स्ट्रॉबेल बाईंची रँच, जॉर्डनच्या रस्त्यावर
१२ मे

ती. सिग्ने आत्यास,
टो. का. न. वि. वि.

उशीर झाला. मधल्या काळात टोळीची गाडी एका ओढ्यात बसली, आम्ही तिच्यात बसलो, आणि लुथर टपावर बसून आम्हाला कसं ढकलावं ते सांगत होता. मग मला दाढदुखी. मग एका गावात नाच होता. ते तुला सांगायचं नव्हतं.

तुझ्या कामाचं बोलतो. इथल्या मालकीण ओपल स्ट्रॉबेल, तुझ्याच वयाच्या, एकट्याच रँच चालवतात. त्यांच्याकडे ती रायफल आहे. मला त्यांनी ती झाडून बघू दिली, डब्यांवर. हलकी आहे, खांद्याला लागत नाही, नेम धरायला सोपी. पहिल्या दोन गोळ्यांना डबे पडले आणि मला वाटलं मी मोठा नेमबाज. तिसरीने खुंट उडवला. क्रुग खरं बोलले होते.

पण खटका! आत्या, त्याला जोर लागतो. कडीपेक्षा जास्त. अंगठा आणि दोन बोटं घट्ट मिटावी लागतात.

संध्याकाळी बाई बटाटे परतत होत्या तेव्हा मी विचारलं की एकूण मत काय, घ्यावी का. त्यांनी झारा खाली ठेवला नाही. म्हणाल्या, बंदूक चांगली आहे, आणि मी चपळ आहे, पण दोघी एकत्र चांगल्या नाहीत. दोन वर्षांमागे कोल्हा कळपातून निघाला, त्यांनी झाडली, चुकली. लगेच दुसरी, लगेच तिसरी. पहिल्या गोळीच्या आवाजाला त्यांची स्वतःची कुत्री कोल्ह्यामागे धावली होती. ते त्यांना दिसलं ते ती पडल्यावर. जुन्या बंदुकीत कडी ओढताना डोकं वर व्हायचं, म्हणाल्या, तेवढ्यात माणूस बघून घेतो. हिच्यात डोकं वर होतच नाही. मग मला विचारलं, आणखी बटाटे घेतोस का. मी घेतले. न घेऊन काय करणार.

त्यांना मी सांगितलं की आत्याला घ्यायची आहे. त्यांनी उलट मलाच विचारलं की तिच्याकडची का नको झाली. कडी अडकते, मी म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, कडी कधी अडकत नाही रे, हात अडकतो.

आत्या, रागावू नकोस. बटाटे चांगले नव्हते म्हणून लेफ्से नाहीत, थंडीत लोखंड आक्रसलं म्हणून कडी नाही, शेपट्या छाटायला दुसऱ्याची सून. तुझा उजवा हात कसा आहे? नुसतं एवढंच लिही. बंदूक मी येईपर्यंत घेऊ नकोस.

लोभ आहे त्यात वाढ करायला जागा ठेव.
तुझा,
हाल्वर


ग्रीसवूड नाला
१४ मे

चि. हाल्वर यास,
अनेक आशीर्वाद. आज पाय न पुसताही चालेल, मी खुशीत आहे.

तुझी वाट बघून बघून मीच निर्णय केला. रायफल घरात आली! खटक्याचं तू काही कळवलं नाहीस, पण मी तोड काढली. तो कुंपणाच्या खांबाला अडकवायचा आणि अंगाचा भार टाकायचा. खांब बोलत नाही, कोणाला सांगत नाही.

आणि काय सांगू, ती आल्यापासून एक कोकरू गेलेलं नाही. अजून एक गोळीही झाडलेली नाही. दाराशी नुसती टेकून ठेवली आहे. कोल्हे ओळखतात वाटतं. लॉरिनला मी रविवारी सांगितलं की बघ, रायफल आली आणि कळप राखला. ती म्हणाली, अजून हंगाम संपलेला नाही. आईवर गेली आहे.

टोळीला नमस्कार. लुथरला सांग, माझ्या भाच्याची लोकर काढली तरी चालेल, कातडी ठेवा.

जिव्हाळा धरून असावं.
सिग्ने आत्या


ग्रीसवूड नाला
३ जून

चि. हाल्वर यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. माझं घेतल्याचं पत्र आणि तुझं न घेण्याचं पत्र वाटेत एकमेकांना टोपी काढून गेली असणार. ते मी वाचलं, घडी घातली आणि दोन दिवस तुझ्यावर रागावले. मग जे झालं ते झालं, म्हणून लिहिते.

संध्याकाळ होती, उजेड उतरलेला, नाल्याकडे धुकं. मेंढ्या टेकाडाच्या पायथ्याशी बसलेल्या. त्यांच्या मधोमध काहीतरी उठलं, मेंढीहून मोठं, आणि एका कोकराच्या अंगावर तोंड नेलं. मी दारातच होते. दस्ता खांद्याला लावला, नेम धरला आणि झाडली. ते कोलमडलं, पुन्हा उठलं.

पुढची गोळी आत तयारच होती. तिला बोलवावंही लागत नाही, हेच तर तिचं कौतुक. पण हाल्वर, माझा हात खाली गेला. आतोबांच्या बंदुकीची कडी ओढायला. इतक्या वर्षांची सवय, तो विचारत नाही. कडी तिथे नव्हतीच. हात हवेत चाचपत राहिला, आणि डोकं वर झालं.

आणि मला दिसलं की मेंढ्या पळालेल्या नाहीत. गोळीच्या आवाजाने दचकल्या, आणि सगळ्या त्या जनावराच्या आड जाऊन उभ्या राहिल्या. कोल्ह्याच्या आड कोणती मेंढी उभी राहते? कोकरू त्याच्या पायांत होतं आणि ते त्याला चाटत होतं.

पांढरं कुत्रं. गळ्यात कातडी पट्टा. डाव्या कानाचा शेंडा गेला होता, बाकी शाबूत. मी जवळ गेले तर गुरगुरलंही नाही, कळपाकडे पाठ करून माझ्याकडे तोंड करून उभं राहिलं, जणू मीच आगंतुक. तिथलं गवत दबून गोल झालेलं होतं. एका रात्रीचं नव्हे ते. महिनाभर रोज तिथे निजत असणार. रायफल दाराशी टेकलेली आणि राखण हा करत होता, आणि मी फोनवर कौतुक कोणाचं सांगितलं?

तुझ्या क्रुगकडच्या पत्रातली पट्ट्याची रीत आठवली. ऊन जवळजवळ उतरलंच होतं. कानाला फडकं बांधलं, त्याला पिकअपमध्ये चढवलं, पट्टा काढून घेतला आणि एस्किलकडे गेले. आतोबा गेल्यानंतर त्या फाटकातून पहिल्यांदा.

मी घाबरले होते, म्हणून उलटं झालं. कॉफी यायच्या आधीच पट्टा टेबलावर ठेवला. एस्किलचा चेहरा पांढरा पडला. खुर्ची धरून म्हणाला, बाई, मरू दे ते पाणी, पण कुत्र्यावर का राग काढलास. मी म्हटलं, कुत्रा बाहेर पिकअपमध्ये बसला आहे, कान तेवढा आखूड झाला आहे. तो बाहेर धावला. सून तोंडाला पदर लावावा तसा ॲप्रन लावून हसत होती. परत आला तेव्हा माझ्यावर ओरडला की या घरात आधी कॉफी असते, सिग्ने, आधी कॉफी! इतक्या वर्षांत त्याने माझं नाव घेतलं ते असं.

मग कॉफी झाली. मी पेला दोन्ही हातांनी धरला तरी सांडली. टेबल ओलं झालं. एस्किल बघत राहिला, सुनेने फडकं आणलं. कोणी काही विचारलं नाही, आणि म्हणूनच मी सांगून टाकलं. हिवाळ्यापासून उजव्या हाताची बोटं घट्ट मिटत नाहीत. लाटणं धरता येत नाही, कडी ओढता येत नाही. डॉक्टर म्हणतो वय. हे मी तुलाही लिहिलं नाही, कारण तू लॉरिनला सांगितलं असतंस आणि तिने शरदाची वाट पाहिली नसती. हे घे तुझं उत्तर.

मग एस्किल म्हणाला, त्याच्या मेंढ्या या कुत्र्याला पसंत नाहीत, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण मान्य करायला बरं वाटत नव्हतं. ज्याने जागा निवडली त्याला तिथेच राहू दे. आणि पाटाचं पाणी कसं वाटायचं ते आपण दोघं बसून बोलू, एल्मर असता तर बोललाच नसता, तो फारच हट्टी होता. मी म्हटलं, तू काय कमी होतास. त्याने आणखी कॉफी ओतली, अर्धाच पेला, म्हणजे सांडणार नाही.

रविवारी मी लॉरिनला सगळं सांगितलं. हात, कुत्रा, कान, खांबाला अडकवायचा खटका, सगळं. मग ती म्हणाली, आई, कळप तर राखला गेला ना. मी म्हटलं, हो, पण मी नाही राखला. ती म्हणाली, करारात कोणी राखायचा ते लिहिलं नव्हतं. आणि कुत्र्याचं नाव विचारलं. एस्किलने नाव ठेवलेलंच नाही. तो त्याला कुत्रा म्हणतो. मी तुझ्यावर सोपवते.

आता तू मालकांची मतं गोळा करत होतास, तर माझंही लिहून घे, मीही आता मालकीणच. बंदूक हलकी आहे. दस्ता सुंदर आहे, पुसायला आनंद वाटतो. धूळ चालते, धुकं चालतं. खटका म्हाताऱ्या बोटांसाठी केलेला नाही. नेम पहिल्या गोळीला बरा. दुसरीचा मला माहीत नाही, आणि ते मला माहीत नाही याचा मला फार आनंद आहे. ज्याचा हात आयुष्यभर कडीवर गेलेला आहे त्याने खुशाल घ्यावी. ज्याचा गेलेला नाही त्याला सांग, आधी जुनीवर शिक.

वाट बघते.
सिग्ने आत्या


मुक्काम क्रुग यांची रँच, परतीच्या वाटेवर
११ जून

ती. सिग्ने आत्यास,
टो. का. न. वि. वि.

तुझं मत मी इथे रात्रीच्या जेवणावर मोठ्याने वाचून दाखवलं. मेव्हणा हसला. क्रुग नाही हसले. उठून पिकअपकडे गेले आणि बऱ्याच वेळाने आत आले. रायफल तिथेच होती, फक्त तिच्यावरचा हातमोजा, दोर आणि टोपी काढून ठेवलेली. एवढंच म्हणाले, ती खुंटी नाही.

टोळी दक्षिणेला चालली आहे. लुथरला मी सांगितलं की मी येत नाही. तो म्हणाला, नाचवाली पोरगी का? मी म्हटलं, आत्या. तो म्हणाला, मग वाद नाही, आत्याच्या पुढे कोण जातो.

गवत कापायच्या आधी पोचतो. किती दिवस राहीन ते मला विचारू नकोस, मलाच माहीत नसतं. पण हिवाळ्यात लाकडं फोडायला असेन. लेफ्से मी लाटतो, तू शेजारी बसून नावं ठेव. गोल होणार नाहीत, मोंटानाचा नकाशा होईल, पण भाजले की पोट काही भूगोल विचारत नाही. कुत्र्याचं नाव मी तिथे येऊन ठेवीन. न बघता नाव ठेवलं तर एडक्यासारखा माझ्यावरच बसेल.

खांबाला अडकवायचं मात्र आता बंद. तेवढं ऐक.

टोपी हातात घेऊनच फाटकातून आत येईन. तोवर लोभ चुलीवर ठेव, उतू जाऊ देऊ नकोस.
तुझा,
हाल्वर

ता. क. आतोबांची बंदूक खाली काढून ठेव. कडी पुसून तेल देतो. गरज नाही, माहीत आहे.